औषधदान आणि ज्ञानदान : लंडनच्या एका बालआरोग्य संस्थेची जन्मकथा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर आपण नियोजित बालरुग्ण विभागाच्या इमारतीचे रेखाचित्र छापले आहे. ते पाहून मन प्रसन्न झाले. व्यवसायाने मी मुलांचा डॉक्टर असल्याने या संकल्पाला चार शब्दांच्या शुभेच्छा द्याव्यात, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. परंतु शुभेच्छा सर्वच देतील. मी आज एक कथा सांगण्याची परवानगी घेतो. कथा दूर देशीची आहे, तिच्यातील माणसे आपल्या धर्माची नाहीत. तथापि तिच्यातील प्रश्न मात्र आपल्या विश्वस्त मंडळापुढे आज जो प्रश्न आहे, तोच आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदान आपल्या अंगवळणी पडलेले आहे. आपल्या संस्थेचा धर्मार्थ दवाखाना त्याची साक्ष देतो. मुक्या जीवांचीही आपण उपेक्षा केली नाही. गावोगावच्या पांजरपोळा सर्वांना ठाऊक आहेत. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात तर केवळ पक्ष्यांसाठी रुग्णालय चालते. शास्त्रदान म्हटले म्हणजे मात्र आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथप्रकाशन आणि पाठशाळा येतात. रुग्णालयात शास्त्रदानाचा काय संबंध, असे कोणासही वाटेल. तो संबंध ध्यानी यायला लंडनसारख्या नगरीला चौऱ्याण्णव वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील लंडन म्हणजे जगातील सर्वांत धनाढ्य शहर. तेथे मोठमोठी धर्मादाय रुग्णालये होती. १८४३ मध्ये त्या सर्व रुग्णालयांतील रुग्णांची मोजणी झाली, तेव्हा सुमारे चोवीसशे रुग्णांमध्ये दहा वर्षांखालील मुले अवघी सव्वीस आढळली! मुले आजारी पडत नव्हती, असे नव्हे. त्या काळी त्या नगरीत वर्षाकाठी जे सुमारे पन्नास हजार मृत्यू होत, त्यांपैकी एकवीस हजार दहा वर्षांखालील बालकांचे असत. म्हणजे मरणाऱ्यांत मुले सर्वांत पुढे आणि उपचार घेणाऱ्यांत जवळजवळ नाहीतच.

असे का व्हावे? त्याचे एक कारण निष्ठुरपणाचे नव्हते, हे सांगितले पाहिजे. १७६९ मध्ये जॉर्ज आर्मस्ट्राँग नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी बाह्यरुग्ण दवाखाना काढला होता. मुलांना निजवून ठेवणारे रुग्णालय काढावे, ही कल्पना मात्र त्याला मान्य नव्हती. आजारी मूल आईपासून तोडले तर ते खचून जाईल, आणि आयांना सोबत ठेवावे तर रुग्णालयात माणसांची दाटी होईल, अशी त्याची भीती होती. त्याचा दवाखाना १७८१ मध्ये बंद पडला, पण ही भीती मात्र पुढे दीर्घकाळ टिकली. पॅरिसमध्ये १८०२ मध्येच मुलांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले होते. लंडनकर त्याबाबत अर्धे शतक मागे राहिले.

हे चित्र पालटले ते डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी. बॉन, पॅरिस आणि बर्लिन येथे शिकून आलेले हे गृहस्थ वॉटर्लू रोडवरील मुलांच्या दवाखान्यात काम करीत. त्या दवाखान्याचे रुग्णालयात रूपांतर करावे, म्हणून त्यांनी तेथील चालकांची पुष्कळ मनधरणी केली. यश आले नाही. मग १८४८ मध्ये त्यांनी बालरोगांवरील आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि स्वतंत्र रुग्णालयासाठी घरोघर हिंडण्यास आरंभ केला. १४ फेब्रुवारी १८५२ या दिवशी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील एका जुन्या वाड्यात दहा खाटांचे रुग्णालय सुरू झाले. एकेकाळी तो वाडा डॉ. रिचर्ड मीड या राजवैद्याचा होता.

दहा खाटा! आपल्या रेखाचित्रात त्याहून अधिक आहेत.

तथापि मला आपले लक्ष वेधायचे आहे ते खाटांकडे नव्हे, तर त्या रुग्णालयाच्या उद्देशपत्राकडे. त्यात तीन हेतू नमूद केले होते. पहिला, गरिबांच्या आजारी मुलांवर उपचार करणे. दुसरा, बालरोगांविषयीचे ज्ञान वाढवणे. तिसरा, मुलांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका तयार करणे. आरंभीच्या दिवशी हाताशी दहा खाटा असणाऱ्या माणसाने ज्ञान आणि शिक्षण हे हेतू उपचाराच्या जोडीला बसवावेत, यात त्याची दूरदृष्टी दिसते. वेस्ट स्वतः प्रत्येक मुलाची हकीकत सविस्तर लिहून ठेवीत. मूल कोठे राहते, काय खाते, आजार कसा सुरू झाला, आणि मूल दगावले तर का दगावले, हे सारे त्यांनी नोंदवले. त्या नोंदी आजही जतन केलेल्या असून अभ्यासक त्या वाचतात. १८५४ मध्ये त्यांनी आजारी मुलांची शुश्रूषा कशी करावी, यावर परिचारिकांसाठी एक छोटे पुस्तकही लिहिले.

या तीन हेतूंपैकी पहिल्याला समाजाचा आश्रय लगेच मिळाला. रुग्णालयाची आर्थिक ओढाताण चालू असता १८५८ च्या फेब्रुवारीत एक भोजनसमारंभ योजण्यात आला आणि कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी तेथे भाषण केले. त्या एका रात्रीत तीन हजार पौंडांहून अधिक निधी जमा झाला. शेजारचा वाडा विकत घेता आला, खाटा वाढल्या. मुलांच्या एका मासिकाच्या बालवाचकांनी पै-पैसा साठवून एका खाटेचा खर्च उचलल्याचीही नोंद आहे. पुढे १९२९ मध्ये नाटककार जे. एम. बॅरी यांनी आपल्या ‘पीटर पॅन’ या कृतीचे सर्व हक्क रुग्णालयास अर्पण केले, आणि त्यापासून किती उत्पन्न मिळते, हे कधी जाहीर करू नये अशी इच्छा व्यक्त केली. आपल्याकडे यालाच गुप्तदान म्हणतात! त्या दानाचा ओघ आटू नये म्हणून ब्रिटिश संसदेने १९८८ च्या कायद्यात खास तरतूद केली.

तिसरा हेतूही उशिरा का होईना, मार्गी लागला. १८७८ मध्ये कॅथरीन वुड या अधीक्षिकेने मुलांच्या परिचारिकांसाठी रीतसर अभ्यासक्रम सुरू केला.

मागे पडला तो दुसरा हेतू, म्हणजे ज्ञानवृद्धीचा. कारण उघड होते. रुग्णालयातील थोर थोर वैद्य मानद होते. ते सकाळी येत, विनामूल्य रुग्ण तपासत आणि दुपारी आपापल्या खासगी व्यवसायाकडे परतत. त्यांच्या सेवाभावाबद्दल शंका नाही. मीही आयुष्यभर अशीच मानद सेवा केली आहे. परंतु मानद डॉक्टरला रुग्ण बरा करण्यापुरता वेळ असतो. शंभर मुलांना तोच आजार का झाला, हे बसून शोधण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो. रुग्णालय वाढत गेले, कीर्ती देशोदेशी पसरली, तरी पूर्ण वेळ बालआरोग्याचाच विचार करील असा एकही प्राध्यापक लंडनच्या विद्यापीठात नव्हता. खाटेसाठी दाता मिळे, भिंतीसाठी मिळे. विचार करणाऱ्या माणसाच्या वेतनासाठी दाता मिळत नसे. दात्याचाही तसा दोष नाही. खाट दाखवता येते, तिच्यावर पाटी लावता येते. विचार कोठे टांगणार?

ही कोंडी फोडण्यास एक व्यापारी कारणीभूत झाला, हे आपल्यासारख्या व्यापारी समाजाने अवश्य ऐकावे. विल्यम मॉरिस हा पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला मुलगा. अवघ्या चार पौंडांच्या भांडवलावर ऑक्सफर्डमध्ये त्याने सायकल दुरुस्तीचा धंदा मांडला, पुढे मोटारी बनवल्या आणि लॉर्ड नफिल्ड म्हणून तो प्रसिद्धीस आला. त्याने संपत्तीचा फार मोठा भाग वैद्यकाला दिला. १९३६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला देणगी देताना त्याने भूलशास्त्राचे अध्यासन निर्माण करण्याचा आग्रह धरला. विद्वानांना ते अनावश्यक वाटत होते. भूल देण्यात प्राध्यापकी ती कसली, असा त्यांचा सूर होता. या गृहस्थाने मात्र स्वतः शस्त्रक्रियेच्या वेळी बरी आणि वाईट अशा दोन्ही प्रकारच्या भुलीचा अनुभव घेतलेला होता. तो अडून बसला, आणि १९३७ मध्ये युरोपातील ते पहिले अध्यासन अस्तित्वात आले. दात्याने हट्ट धरू नये, असे आपण म्हणतो. हट्ट कशासाठी आहे, यावर ते अवलंबून असावे.

बालआरोग्याचे पहिले पूर्णवेळ नफिल्ड अध्यासन इंग्लंडमध्ये १९४२ साली न्यूकॅसल येथे, ऐन युद्धात, स्थापन झाले आणि त्यावर सर जेम्स स्पेन्स यांची नियुक्ती झाली. स्पेन्स यांनी १९२५ पासून आपल्या छोट्या रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळांसोबत आयांना ठेवून घेण्याची प्रथा सुरू केली होती. लंडनची पाळी त्यानंतर आली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यांत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या रुग्णालयाचीही हानी झाली होती. अन्नधान्य मापून मिळत होते, शहर ढिगाऱ्यांनी भरले होते. अशा अवस्थेत, १९४६ मध्ये, लंडन विद्यापीठाने त्या रुग्णालयाच्या जोडीने ‘इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ’ ही पदव्युत्तर संस्था स्थापन केली. सर ॲलन मॉन्क्रिफ हे तिचे पहिले नफिल्ड प्राध्यापक झाले. वेस्ट यांच्या उद्देशपत्रातील दुसऱ्या कलमाला अखेर हक्काचे घर मिळाले.

नावाकडे लक्ष द्यावे. ‘बालरोग’ संस्था असे नाव त्यांनी ठेवले नाही, ‘बालआरोग्य’ असे ठेवले. आजारी मूल तपासायचे तर निरोगी मूल कसे वाढते, हे आधी ठाऊक हवे. या संस्थेत १९५६ मध्ये दाखल झालेले जेम्स टॅनर यांनी लंडनजवळील हार्पेंडन येथील बालकाश्रमातील मुलांची उंची आणि वजने वर्षानुवर्षे, ठरावीक अंतराने मोजली. इतके साधे काम! तथापि मुलाची वाढ योग्य आहे की नाही, हे सांगणारे तक्ते अशाच मोजण्यातून तयार झाले.

मॉन्क्रिफ यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला विशेष भावते. रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना आईवडिलांनी आठवड्यातून एखाद्या वेळी भेटावे, अशी तेथील जुनी शिस्त होती. भेटीनंतर मुले रडतात, जंतुसंसर्ग होतो, अशी कारणे दिली जात. रोज भेटू द्यावे, असे मॉन्क्रिफ यांनी अनुभवाच्या आधारे मांडले आणि १९५९ मध्ये सरकारी समितीनेही तीच शिफारस केली. म्हणजे आर्मस्ट्राँग यांची भीती अगदीच निराधार नव्हती. तिचे उत्तर आईला आत घेण्यात होते, आणि ते सापडायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

हे सांगताना मला माझीच एक आठवण अस्वस्थ करते. मी निवासी डॉक्टर असताना एका मोठ्या रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात काम करीत होतो. कक्षाला मोठी काच होती आणि आयांनी काचेबाहेरून बाळ पाहायचे, असा नियम होता. एका कमी दिवसांच्या बाळाची आजी मला म्हणाली, “डॉक्टरसाहेब, लेकराला आईचा वास नको का?” मी तिला संसर्गाविषयी व्याख्यान दिले. तेव्हा मी जे बोललो ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. आज आम्ही तेच बाळ आईच्या उराशी, त्वचेला त्वचा लावून ठेवतो आणि त्याला शास्त्रीय उपचार म्हणतो. त्या आजीची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. क्षमावणीच्या दिवशी ती दरवर्षी आठवते.

लंडनच्या या संस्थेचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्यातील वयस्कर मंडळींना जुन्या बालरोगतज्ज्ञांच्या पाट्या आठवत असतील, नावापुढे ‘डी. सी. एच. (लंडन)’ असे लिहिलेले असे. आणखी जवळचा संबंध आपल्या अंगणवाडीत आहे. डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी १९५० च्या दशकात नायजेरियातील खेड्यांत मुलांची चिकित्सा केली. गोवर, डांग्या खोकला, जुलाब आणि कुपोषण यांनी मुले दगावत होती. मोर्ले यांनी एक साधा तक्ता वापरात आणला. दर महिन्याला मुलाचे वजन करावे, तक्त्यावर टिंब द्यावे आणि टिंबे जोडावीत. रेघ वर चढत असली की मूल सुखरूप. रेघ आडवी झाली की, मूल वरवर हसते-खेळते दिसले तरी, धोक्याची सूचना समजावी. आणि हा तक्ता दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती द्यावा. अडाणी बायका तो हरवतील, अशी शंका घेतली गेली. मातांनी तो जिवापाड जपला.

१९६० च्या दशकात मोर्ले लंडनच्या या संस्थेत आले. तेथे त्यांनी उष्ण प्रदेशांतील बालआरोग्याचा विभाग उभारला आणि अल्प किमतीची शिक्षणसाधने जगभर पुरवली. त्यांतील एक म्हणजे दोन्ही टोकांना वाट्या असलेला प्लास्टिकचा चमचा. जुलाब झालेल्या मुलाला द्यावयाच्या पाण्यात एका टोकाने साखर मोजायची, दुसऱ्याने मीठ. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि वजनाचा तक्ता अंगणवाडीत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानके प्रसिद्ध केली. त्यासाठी ज्या सहा देशांतील मुलांची मोजणी झाली, त्यांत भारतही होता. आज अंगणवाडीताई जी रेघ काढते, तिचे पूर्वज असे दूरवर पसरलेले आहेत. १९९६ मध्ये ही संस्था लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात विलीन झाली आणि तिचे कार्य चालू आहे.

आपल्या देशातही याचे उदाहरण आहे. कोलकात्याचे डॉ. के. सी. चौधुरी यांनी १९३३ मध्ये बालरोगशास्त्राचे भारतीय नियतकालिक सुरू केले. त्यांनी स्थापन केलेली बालआरोग्य संस्था त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने उभी राहिली. आधी नियतकालिक, मग वास्तू. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

आता आपल्या इमारतीविषयी. विश्वस्त मंडळाने मला अंदाजपत्रक दाखवले. बांधकाम, फरशी, उद्वाहन, वातानुकूलन, कोनशिला, दात्यांच्या संगमरवरी पाट्या, सर्व तपशील आहेत. परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी त्यात तरतूद नाही, नोंदी ठेवणाऱ्या माणसासाठी नाही. आयांना रात्री झोपण्यासाठी जागाही नकाशात दिसली नाही. मी हे दोष काढण्यासाठी बोलत नाही. ज्यांनी हे काम हाती घेतले, त्यांचे कष्ट मी जाणतो. पण इमारत उभी राहिल्यानंतर तिसऱ्या वर्षी तेथे कोण असेल, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. तालुक्याच्या गावी बांधून तयार असलेले आणि माणसांविना कुलूपबंद असलेले विभाग मी पाहिले आहेत, आपणही पाहिले आहेत.

विद्यापीठाची संस्था काढणे आपल्या आवाक्यातील नाही, हे मला कळते. वेस्ट यांचे तीन हेतू मात्र दहा खाटांतही मावत होते. माझी विनंती एवढीच की, इमारतीचा एक मजला तूर्त कमी करावा आणि वाचलेली रक्कम कायम ठेव म्हणून ठेवावी. तिच्या व्याजातून दोन परिचारिकांचे आणि एका नोंदणी सहायकाचे वेतन निघावे. आपल्या बोर्डिंगमधील मुलांची आणि आसपासच्या गावांतील बालकांची वजने-उंची दर महिन्याला मोजली जावी आणि त्या नोंदी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी, नावे वगळून, उपलब्ध कराव्यात. अंगणवाडीताईंना वर्षातून दोनदा येथे बोलावून शिकवावे, त्यांच्याकडून शिकावेही. प्रत्येक खाटेशेजारी आईसाठी एक बाक असावा.

पंचकल्याणकात आपण सवाल घेतो. सौधर्म इंद्राचा सवाल घेणाऱ्याचे नाव गावभर होते, आणि व्हावेही. त्याच भक्तीने एका परिचारिकेच्या पाच वर्षांच्या वेतनाचा सवाल कोणी घेईल काय? पहिल्या वर्षाच्या वेतनाची रक्कम माझ्या आणि माझ्या सौभाग्यवतीच्या वतीने मी आज सकाळी कार्यालयात जमा केली आहे. तिच्यासाठी पाटी नको, असे पावतीवर लिहून घेतले आहे. उरलेली चार वर्षे मोकळी आहेत. विश्वस्त मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे आणि सुधारित नकाशाचा विषय अध्यक्षांनी पत्रिकेवर घेतला आहे; ज्यांना काही सुचवायचे असेल त्यांनी त्याआधी लेखी द्यावे.